यंत्राच्या नजरेचा हिशेब कोण ठेवणार?

एका ढिगात कोविड झालेल्या मोठ्या माणसांच्या छातीचे एक्स-रे आणि दुसऱ्या ढिगात एक ते पाच वर्षांच्या मुलांचे. हे दोन ढीग संगणकापुढे ठेवून यांतला फरक शीक म्हटले, तर तो काय शिकेल? २०२० साली अनेक संशोधकांची समजूत होती की तो कोविड ओळखायला शिकेल. तो शिकला मूल कोणते आणि मोठा माणूस कोणता ते, आणि त्यात अर्थातच पैकीच्या पैकी गुण मिळवले. कोविड नसलेल्यांचे नमुने म्हणून इंटरनेटवरचा जो आयता संग्रह अनेकांनी उचलला, तो चिमुकल्यांचा आहे हे काहींच्या गावीही नव्हते. केंब्रिजच्या एका गटाने त्या वर्षीच्या पहिल्या नऊ महिन्यांतले अशा विषयावरचे २,२१२ शोधनिबंध चाळले. त्यातले ६२ बारकाईने तपासण्याजोगे निघाले आणि रुग्णालयात वापरण्याजोगे सॉफ्टवेअर त्यांतल्या एकाही निबंधात सापडले नाही. मार्च २०२१ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला.

म्हणून स्कॅन वाचणारे डीप लर्निंग म्हणजे नुसता फुगा, असे कोणी म्हणू लागले तर तेही चुकेल. त्यासाठी फार लांब जायला नको, कळंबोलीपर्यंत गेले तरी पुरे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग तिथे सुरू होतो. खालापूरच्या बाजूला रात्री गाडी उलटली की जखमींना पनवेल, कामोठे किंवा नवी मुंबईतल्या एखाद्या रुग्णालयात आणले जाते. डोक्याला मार लागलेल्या माणसाचा सीटी स्कॅन काही मिनिटांत होतो. तो वाचणारा रेडिओलॉजिस्ट मात्र रात्री दोन वाजता रुग्णालयात असेलच असे नाही. बरेचदा तो घरी संगणकापुढे बसलेला असतो आणि त्याच्या रांगेत आणखी चार ठिकाणांहून आलेले स्कॅन असतात. त्या रांगेत जुनाट डोकेदुखीसाठी काढलेला स्कॅन आधी आणि कवटीत रक्त साकळत चाललेल्या तरुणाचा नंतर, असा क्रम सहज लागू शकतो. सॉफ्टवेअरने यात एवढेच करायचे असते की रक्तस्रावाचा संशय असलेला स्कॅन रांगेतून उचलून वर आणायचा. निदान डॉक्टरनेच करायचे, फक्त अर्धा तास आधी.

हे काम करू पाहणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक गाजलेला अभ्यास मुंबईतूनच झाला आहे. २०१६ साली सुरू झालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीच्या संशोधकांनी देशभरातल्या सुमारे २० केंद्रांमधून २०११ ते २०१७ या काळातले डोक्याचे ३,१३,३१८ सीटी स्कॅन गोळा केले आणि २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. चाचणीसाठी दिल्लीहून ४९१ स्कॅन वेगळे आणले होते. ते आठ, बारा आणि वीस वर्षांचा अनुभव असलेल्या तीन रेडिओलॉजिस्टनी स्वतंत्रपणे वाचले आणि दोघांचे जमले ते उत्तर बरोबर धरले. त्या तिघांचेही सगळीकडे एकमत नव्हते. मेंदूतल्या रक्तस्रावावर बऱ्यापैकी होते, कवटीच्या फ्रॅक्चरवर बरेच कमी. यंत्राची परीक्षा घेताना परीक्षकांचेही पेपर उघडे पडले, ही त्या निबंधातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट. पुढे हे ४९१ स्कॅन कंपनीने जगातल्या कोणालाही वापरता येतील असे खुले केले. एवढा मोकळेपणा या धंद्यात विरळाच.

संगणक हे पाहतो कसे? सीटीच्या चित्रातला प्रत्येक ठिपका ही एक संख्या असते. पाणी शून्य, हवा उणे हजार, हाड शेकड्यांत आणि ताजे साकळलेले रक्त मेंदूच्या मऊ भागापेक्षा किंचित वर. आधीच्या पिढीचे प्रोग्राम 'अमुक संख्येच्या वर असेल तर रक्त समज' अशा नियमांवर चालत. डीप लर्निंगमध्ये नियम कोणी लिहून देत नाही. लाखो स्कॅन आणि त्यांचे रिपोर्ट समोर ठेवले जातात, संगणक अंदाज करतो, चुकतो, आणि प्रत्येक चुकीगणिक आतली लाखो वजने, म्हणजे कोणत्या खुणेला किती महत्त्व द्यायचे ते आकडे, कणाकणाने बदलतात. पहिल्या थरांना कडा आणि छटा कळतात, पुढच्यांना आकार, शेवटच्यांना 'इथे काहीतरी गडबड आहे' हे. नेमके कशावरून कळले, हे मात्र कधीकधी ते बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

क्युअरच्या त्या अभ्यासात सॉफ्टवेअर जास्तीत जास्त सावध ठेवले तेव्हा रक्तस्राव असलेल्या शंभरांपैकी साधारण ९५ जण त्याने पकडले. त्याच वेळी रक्तस्राव नसलेल्या शंभरांपैकी २९ जणांवरही बोट ठेवले. २९ हा आकडा वाचून दचकायला होते, पण रात्रीच्या रांगेत या चुकीची किंमत काय? एका चांगल्या स्कॅनकडे डॉक्टरने दहा मिनिटे आधी पाहिले, एवढीच. तीच २९ टक्क्यांची चूक कर्करोगाच्या तपासणीत झाली तर तिचा अर्थ होतो छातीत घुसणारी बायोप्सीची सुई आणि रिपोर्ट येईपर्यंत उडालेली झोप.

वर्तमानपत्रांत 'अमुक टक्के अचूक' अशा मथळ्यांनी येणाऱ्या बातम्यांत नेमके हेच हरवते. अचूकता हा सॉफ्टवेअरच्या अंगचा गुण नसतो. सॉफ्टवेअर प्रत्येक स्कॅनला संशयाचा एक आकडा देते. कोणत्या आकड्याच्या वर गेलेल्यांना बोलवायचे आणि खालच्यांना घरी पाठवायचे, ती रेघ माणूस मारतो. चाळणीचे भोक लहान करायचे की मोठे, हे धान्यावरून आणि घरात खाणारी तोंडे किती त्यावरून ठरते. नवी मुंबईत ती रेघ कोण मारणार, कशाच्या आधारे, आणि मारल्यावर कोणाला सांगणार, हा या सगळ्यातला खरा सार्वजनिक प्रश्न आहे. आजघडीला तो विचारला जात नाही.

क्षयरोगाच्या बाबतीत तर हा प्रश्न अगदी दारात येऊन उभा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत एक धक्कादायक गोष्ट दिसली. एक्स-रे न काढता फक्त खोकला, ताप, वजन घटणे अशा लक्षणांवर विसंबले असते तर सापडलेल्यांपैकी ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते. म्हणजे एक्स-रे हवाच. पण तो वाचणार कोण? गावोगावी रेडिओलॉजिस्ट बसवणे शक्य नाही, कारण ते तेवढे नाहीतच. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयरोग तपासणीसाठी संगणकाने एक्स-रे वाचायला मान्यता दिली, आणि डिसेंबर २०२४ पासून देशात चाललेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात मावणारी एक्स-रे यंत्रे वस्त्यांमध्ये फिरली. तुर्भ्याच्या झोपडपट्टीत किंवा उरणच्या गोदामांत काम करणाऱ्या माणसाला रोज बुडवून रुग्णालयात रांग लावायला लावण्यापेक्षा यंत्रच त्याच्याकडे नेणे केव्हाही शहाणपणाचे.

यंत्र तिथे किती चालेल याचा अंदाज ढाक्यावरून करता येतो. हवा, गर्दी आणि क्षयरोगाचे ओझे या तिन्ही बाबतींत ते शहर आपल्याला स्टॉकहोमपेक्षा जवळचे. तिथल्या तीन केंद्रांवर आलेल्या २३,९५४ लोकांचे एक्स-रे पाच वेगवेगळ्या सॉफ्टवेअरनी आणि बांगलादेशी रेडिओलॉजिस्टनी वाचले. पाचही सॉफ्टवेअर माणसांपेक्षा सरस ठरली. क्युअरचे त्यांत होतेच. मात्र त्याच निबंधात पुढे लिहिले आहे की साठीच्या पुढच्या लोकांत आणि आधी क्षयरोग होऊन गेलेल्यांत पाचही सॉफ्टवेअरची कामगिरी घसरली. बऱ्या झालेल्या फुप्फुसावर जुने व्रण राहतात आणि संगणकाला जुना व्रण नवा रोग वाटतो. अशी फुप्फुसे घेऊन फिरणारे लोक महाराष्ट्रात थोडेथोडके नाहीत. तेव्हा ढाक्याचा सरासरी आकडा जसाच्या तसा वाशीला लावता येणार नाही.

आता थोडे गणित. क्षयरोगाच्या प्राथमिक चाळणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा अशी आहे की शंभर रुग्णांतले ९० सापडावेत आणि निरोगी शंभरांतल्या ७० जणांना विनाकारण बोलावू नये. समजा, सरसकट १०,००० प्रौढांची तपासणी झाली आणि त्यांत ३० जणांना क्षयरोग आहे. (राष्ट्रीय पाहणीतले प्रमाण साधारण एवढेच आहे.) यंत्र २७ जणांना पकडेल आणि त्यांच्याबरोबर जवळपास ३,००० निरोगी लोकांनाही. या सगळ्यांची थुंकी तपासायची. त्यासाठी लागणारी ट्रूनॅट यंत्रे गोव्यातल्या वेर्ण्याची कंपनी बनवते, म्हणजे तंत्रज्ञान शेजारीच आहे. पण त्यांत प्रत्येक तपासणीला लागणाऱ्या चिपला पैसे पडतात, टेक्निशियन लागतो, आणि 'मशीनने टीबी दाखवला' हे शब्द चाळीत पसरायला तर काहीच लागत नाही. रेघ वर नेली तर या तीन हजारांचे दीड हजार होतील, पण २७ ऐवजी २३ सापडतील. राहिलेले चार जण आणखी काही महिने खोकत लोकलने प्रवास करतील. यातले बरोबर उत्तर कंपनीच्या अभियंत्याकडे नाही, कारण तो प्रश्न त्याचा नाहीच. तो आरोग्य अधिकाऱ्याचा आहे, आणि त्याच्या हातात चिपांचा साठा किती, यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही सगळ्या जगासाठी एकच रेघ आखून दिलेली नाही. प्रत्येकाने आपल्या लोकसंख्येवर तपासून ती ठरवावी, असेच म्हटले आहे.

आपल्या लोकसंख्येवर, आणि आपल्या यंत्रांवरही. कारण सॉफ्टवेअर कशाला भुलेल याचा नेम नसतो. २०१८ साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातल्या संशोधकांनी न्यूमोनिया ओळखणाऱ्या एका प्रोग्रामची झडती घेतली. तीन संस्थांचे मिळून दीड लाखाहून अधिक एक्स-रे त्यांनी वापरले. प्रोग्रामने न्यूमोनियाबरोबर आणखी एक विद्या आपली आपण मिळवली होती. फिल्म कोणत्या रुग्णालयातली आहे, हे तो शंभरात ९९ हून अधिक वेळा ओळखत होता. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे प्रमाण ३४ टक्के, दुसऱ्यात जेमतेम एक. मग फुप्फुसात डोकावण्याची गरजच काय? टेक्निशियन फिल्मच्या कोपऱ्यात ठेवतो ती धातूची खूण पाहिली की काम भागते. बाहेरच्या फिल्म दाखवल्या तेव्हा त्याचे गुण घसरले. वाशीच्या रुग्णालयातली दहा वर्षे जुनी एक्स-रे ट्यूब, कर्जतच्या सरकारी रुग्णालयातला खाटेवर झोपवून काढलेला एक्स-रे आणि बेलापूरच्या खासगी रुग्णालयातले नवेकोरे डिजिटल यंत्र ही त्याच्या दृष्टीने तीन वेगळी जगे असू शकतात.

यावर नेहमीचे उत्तर म्हणजे परदेशी चाचण्यांकडे बोट दाखवणे. स्वीडनमधली चाचणी खरोखर उत्तम होती. ८०,०३३ स्त्रियांना दोन गटांत विभागून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, सॉफ्टवेअरच्या मदतीने वाचलेल्या मॅमोग्राफीत हजारामागे ६.१ कर्करोग सापडले, नेहमीच्या पद्धतीत ५.१. डॉक्टरांचे वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी घटले. पण स्वीडनमध्ये प्रत्येक मॅमोग्राम दोन रेडिओलॉजिस्ट वाचतात. वाचलेले श्रम त्यातल्या दुसऱ्याचे आहेत. आपल्याकडे बहुसंख्य बायकांच्या वाट्याला पहिलाही येत नाही, कारण मुळात मॅमोग्राफीच होत नाही.

याचे भान मुंबईला फार आधी होते. परळच्या टाटा मेमोरियलने १९९८ साली शहरातल्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर एक चाचणी सुरू केली. यंत्र नाही, फक्त प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने करायची स्तनतपासणी. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडला की पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात तसा फायदा दिसला नाही, हेही त्यांनी लपवले नाही. किती गाठी सापडल्या यावर ते थांबले नाहीत, किती जणी वाचल्या हे मोजले. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कोणत्याही कंपनीने या मापाची चाचणी महाराष्ट्रात केल्याचे दिसत नाही, आणि सरकारने ती मागितल्याचेही नाही.

मागणे अवघड आहे असे मुळीच नाही, निदान नवी मुंबईत तरी. टाटा मेमोरियलचेच संशोधन केंद्र, अ‍ॅक्ट्रेक, खारघरच्या डोंगराच्या कुशीत आहे. टाटा मेमोरियलने केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने कर्करोगाच्या प्रतिमांची एक बँक उभारायला घेतली आहे. आयआयटी मुंबई, दिल्लीचे एम्स, चंडीगडचे पीजीआय अशा संस्था त्यात आहेत. सुरुवात डोके-मानेच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगापासून झाली. तंबाखू, गुटखा आणि मिश्रीच्या या मुलखात ही निवड अचूकच म्हणायची. नुसती चित्रे साठवून भागत नाही. त्या चित्रातल्या गाठीची बायोप्सी काय निघाली, उपचार कोणते झाले, रुग्ण पुढे जगला का, हे सगळे चित्राला जोडलेले असेल तर त्या संग्रहाला मोल येते. असा संग्रह सॉफ्टवेअर शिकवायला उपयोगी आहेच, पण त्याहून जास्त उपयोगी आहे त्याची परीक्षा घ्यायला. कंपनीने कधी न पाहिलेल्या हजार फिल्म कुलपात ठेवायच्या आणि विकायला आलेल्या प्रत्येकाला त्यावर बसवायचे. रोगाचे निदान पक्के झालेल्या फिल्म वाशी, नेरूळ आणि ऐरोलीच्या पालिका रुग्णालयांतही वर्षानुवर्षे साठत आल्या आहेत. त्यांना आज कोणी विचारत नाही. इथले लोक त्यांना सोने म्हणत नसतील, पण कंपन्या नक्कीच म्हणतात, आणि त्या साठवायला ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांत जागेची वानवा नाही. सार्वजनिक रुग्णालयाच्या फिल्म द्यायच्या तर रुग्णाची ओळख पुसून, २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला धरून आणि बदल्यात काहीतरी घेऊन द्याव्यात. सवलतीचा दर नको असेल तर निदान चुकांचा अहवाल तरी.

नोंदी ठेवण्याची महाराष्ट्राला सवय आहे. गर्भलिंगनिदानाला चाप लावणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली याच राज्याने केला, केंद्राचा १९९४ साली आला. आज प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी असते, प्रत्येक गर्भवतीचा 'एफ' फॉर्म भरला जातो. त्या फॉर्मच्या जाचाबद्दल डॉक्टर कुरकुरतात, आणि नुसत्या कारकुनी चुकीवरून यंत्र सील झाल्याच्या त्यांच्या तक्रारी सगळ्याच खोट्या नाहीत. नोंदवही भरणे हेच काम होऊन बसले की तिचा हेतू मरतो. पण जे यंत्र फक्त चित्र दाखवते त्याचा एवढा हिशेब, आणि जे चित्र पाहून मत देते त्याचा काहीच नाही, ही उलटी तऱ्हा आहे. २०२० सालच्या अधिसूचनेने वैद्यकीय सॉफ्टवेअर उपकरणांच्या नियमांखाली आले. वरच्या जोखमीच्या गटांना ऑक्टोबर २०२३ पासून परवाना बंधनकारकही झाला. परवाना म्हणजे बाजारात येण्याची मुभा. नेरूळच्या एक्स-रे खोलीत ते वर्षभर कसे वागले, हे परवाना सांगत नाही.

'डॉक्टर आहेच की शेवटी सही करायला' हा युक्तिवाद इथे हमखास येतो. डॉक्टरच उरणार नाही, असेही एकदा म्हटले गेले होते. २०१६ साली संगणकशास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी रेडिओलॉजिस्ट घडवणे आता थांबवावे, पाच वर्षांत यंत्र त्यांना मागे टाकील, असे सांगितले होते. हिंटन यांना २०२४ साली नोबेल मिळाले. आपल्याकडच्या मुलांनी मात्र त्यांचे ऐकले नाही, नीट-पीजीत रेडिओलॉजीच्या जागा आजही लवकर संपणाऱ्यांत मोडतात. माणूस राहणार हे नक्की. पण तो कसा राहणार? ऑगस्ट २०२५ मध्ये पोलंडमधल्या चार केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांना काही महिने सॉफ्टवेअरची साथ मिळाली. त्यानंतर सॉफ्टवेअरविना केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आले. एका अभ्यासावरून नियम बांधू नये, आणि दुर्बीण म्हणजे स्कॅन नव्हे. तरीही रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने आधी स्वतः वाचावे आणि मग यंत्राचे मत उघडावे, एवढा क्रम लावून द्यायला दमडीही लागत नाही. सॉफ्टवेअर डागावर लाल चौकट काढते आणि डोळे तिथेच जाऊन खिळतात. चौकटीबाहेरचा डाग तेव्हा दोघांकडूनही निसटतो.

तेव्हा नवी मुंबईच्या पालिकेने पुढच्या वेळी अशा सॉफ्टवेअरची निविदा काढताना दराच्या आधी चार गोष्टी लिहून घ्याव्यात. आपल्याच तीन रुग्णालयांतल्या, थुंकीच्या तपासणीने खात्री झालेल्या जुन्या फिल्मवर परीक्षा. साठीपुढच्या आणि आधी टीबी होऊन गेलेल्यांचे गुण वेगळे. संशयाची रेघ आरोग्य विभागाच्या लेखी आदेशाने. आणि दर सहामाहीला निसटलेल्या व उगाच बोलावलेल्या रुग्णांचा मराठीतून जाहीर आकडा. परीक्षेत सॉफ्टवेअर नापास झाले तर करार होणार नाही. पास झाले तर शंभरातले किती जण पुढच्या तपासणीला येणार हे आधीच कळलेले असेल, आणि फिरत्या एक्स-रेची गाडी वस्तीत जाण्यापूर्वी ट्रूनॅटच्या किती चिपांची मागणी नोंदवायची, हे आरोग्य अधिकाऱ्याला कागदावर मांडता येईल.